साथीच्या दिवसांत परदेशी जाताना: सातारा-सांगलीहून निघणाऱ्यांसाठी स्वॅब, रिपोर्ट आणि काउंटरचं गणित

साथीच्या काळात परदेशी निघालेल्या माणसाला पहिल्यांदा अडवतो तो तिकडचा अधिकारी नव्हे. अडवतो मुंबई विमानतळावर विमान कंपनीच्या काउंटरवर बसलेला कर्मचारी. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर समोरचा देश कंपनीला दंड करू शकतो आणि त्या प्रवाशाला परत आणायचं कामही कंपनीच्याच गळ्यात पडतं. त्यामुळे त्या कर्मचाऱ्याला तुमची दया आली तरी उपयोग नसतो. विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या जागतिक संघटनेची 'टिमॅटिक' नावाची नियमसूची तो संगणकावर उघडतो. तुम्ही कुठले नागरिक, कुठून कुठे निघालात, मध्ये कुठे उतरणार, हे त्यात भरतो आणि समोर जे येईल ते तुमच्या हातातल्या कागदाशी ताडून बघतो. सगळी तयारी त्या पाच मिनिटांसाठी करायची.

खाली कोविडकाळातले नियम उदाहरण म्हणून घेतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि ते नियम आज लागू नाहीत. नवी साथ आली की आकडे वेगळे असतील, पण गाडी अडते ती ठिकाणं बहुतेक हीच असतील.

नियम कुठे वाचायचा, कसा वाचायचा

आधी त्या देशाच्या दूतावासाचं किंवा आरोग्य खात्याचं संकेतस्थळ, मग विमान कंपनीचं पान, आणि सगळ्यात शेवटी एजंट. एजंट कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे दहा देशांचे प्रवासी असतात आणि मागच्या आठवड्याचा नियम डोक्यात पक्का बसलेला असतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावर तर तारीखच नसते, ते सोडून द्या.

नियम तीनदा बघायचा: तिकीट काढण्याआधी, स्वॅब देण्याआधी आणि घरातून निघायच्या दिवशी. तिसऱ्यांदा कशाला, असं वाटेल. अमेरिकेने २ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केलं आणि ६ डिसेंबरपासून चाचणीची मुदत तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. शनिवारी स्वॅब देऊन सोमवारी रात्रीचं विमान धरू बघणाऱ्याचा रिपोर्ट घरात बसल्याबसल्या बाद झाला.

वाचताना पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या. चाचणी कुठली हवी, आरटी-पीसीआरच की रॅपिड अँटिजेनही चालते. मुदत कुठून कुठपर्यंत मोजायची. रिपोर्टवर काय काय छापलेलं हवं. लहान मुलांना सूट कितव्या वर्षापर्यंत. अमेरिकेने २ वर्षांखालच्या मुलांना सूट दिली होती, भारताने ५, दुबईने १२, त्यामुळे एका देशाचा अनुभव दुसरीकडे लावू नका. आणि पाचवी गोष्ट, निघण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म. भारतात येताना 'एअर सुविधा' भरावा लागायचा, ब्रिटनला जाताना 'पॅसेंजर लोकेटर फॉर्म', आणि तोही पोचण्याआधीच्या ४८ तासांतच. ब्रिटनच्या फॉर्ममध्ये तिथे गेल्यावर करायच्या चाचणीचा बुकिंग क्रमांक लागायचा. म्हणजे चाचणीचं बुकिंग आधी, फॉर्म नंतर. हा क्रम चुकला की रात्री बारा वाजता विमानतळाच्या फरशीवर बसून मोबाइलवर बुकिंग करायची वेळ येते.

मधला देश

सातारा-सांगलीकडची बरीच मंडळी थेट विमानाऐवजी आखातातून किंवा युरोपातून बदलून जातात, कारण तिकीट स्वस्त पडतं. साथीत इथे दोन खड्डे असतात. पहिला, दोन वेगवेगळी तिकिटं. एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असतील तर सामान सहसा थेट शेवटपर्यंत जातं आणि तुम्ही विमानतळाच्या आतच राहता. तिकिटं वेगळी असतील तर बहुतेक वेळा मधल्या देशात इमिग्रेशन पार करून सामान घ्यावं लागतं. तिथे तुम्ही 'प्रवेश करणारे' ठरता आणि त्या देशाचे व्हिसा, चाचणी, फॉर्म हे सगळे नियम लागू होतात. वाचलेले आठ-दहा हजार तिथे जातात.

दुसरा खड्डा, चाचणी कुठे केलेली हवी. २०२१ मध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली होती. त्या काळात तिसऱ्या देशातून जाणाऱ्याला त्या तिसऱ्या देशातच केलेली चाचणी दाखवावी लागे. सांगलीचा रिपोर्ट कितीही ताजा असला तरी उपयोग नव्हता. सप्टेंबर २०२१ मध्ये थेट विमानं सुरू झाली तेव्हा दिल्ली विमानतळावरच्या ठरवून दिलेल्या एकाच लॅबचा, उड्डाणाआधीच्या १८ तासांतला रिपोर्ट मागत. 'मान्यताप्राप्त लॅब' हे शब्द दिसले की भारत सरकारची मान्यता म्हणतायत की त्या देशाने दिलेली यादी, हे शोधून काढल्याशिवाय पैसे भरू नका.

४८ तास म्हणजे नेमके किती

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात, म्हणून हे सावकाश वाचा.

मुंबईहून लांबची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर शनिवार पहाटे २:१० आहे. घरात सगळे म्हणतात 'शुक्रवारी रात्रीचं विमान'. इथेच एक दिवस हरवतो. कॅलेंडरवर खूण करताना विमानाची तारीख शनिवार आणि घर सोडायची तारीख शुक्रवार, अशा दोन खुणा करा.

नियम '४८ तासांच्या आतला' असेल तर घड्याळ स्वॅब घेतल्यापासून चालू होतं की रिपोर्ट निघाल्यापासून, हे बघा. बहुतेक देश स्वॅब घेतल्याची वेळ धरतात. शनिवार पहाटे २:१० मधून ४८ तास वजा केले की गुरुवार पहाटे २:१०. म्हणजे बुधवारी संध्याकाळी सात वाजता दिलेला स्वॅब ५५ तास जुना होतो. गुरुवारी सकाळी आठला दिलेला चालतो.

आता दुसऱ्या टोकाकडून बघा. विमानतळावर रात्री दहाला पोचायचं. सांगलीहून पेठनाक्यावरून हायवेला लागून मुंबईपर्यंत सात-आठ तास, आणि वर तीन तास हाताशी ठेवायचे. म्हणजे शुक्रवारी सकाळी अकराला घर सोडायचं आणि त्याआधी रिपोर्ट हातात हवा. गुरुवार सकाळी आठ ते शुक्रवार सकाळी अकरा, हे २७ तास तुमचे. नियम ४८ तासांचा असला तरी सांगलीकराच्या वाट्याला एवढेच येतात. साताऱ्याहून अंतर साधारण २५० किलोमीटर, तीन-चार तास जास्त मिळतात. पण खंबाटकीला आणि पुढे लोणावळ्याच्या घाटात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत सापडलात तर ते तास तिथेच संपतात.

२७ तासांत रिपोर्ट मिळेल का, हे एकाच प्रश्नावर ठरतं: लॅबचं मशीन इथेच आहे की इथे फक्त कलेक्शन सेंटर आहे? विटा, फलटण, कराडसारख्या गावांतली बरीच सेंटर्स फक्त स्वॅब घेतात आणि नळ्या बर्फाच्या पेटीतून पुण्या-मुंबईच्या मुख्य लॅबला पाठवतात. गाडी दिवसातून एकदा सुटत असेल तर सकाळी आठचा स्वॅब संध्याकाळपर्यंत तिथेच थांबतो, रात्री पुण्याला पोचतो आणि पहाटेच्या बॅचमध्ये लागतो. चाचणीला स्वतःला चार-सहा तास पुरतात. बाकीचा वेळ पेटीचा असतो. गाडी किती वाजता सुटते, रविवारी आणि सणाला सुटते का, हे आधी फोन करून विचारा आणि स्वॅब गाडीच्या तासभर आधी द्या. तोंडी '२४ तासांत मिळेल' म्हणतात ते नळी मुख्य लॅबला पोचल्यापासूनचे २४ तास असू शकतात.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मुंबईत स्वॅब देणं. आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा ट्रॅव्हल्सने निघून सकाळी मुंबईत उतरायचं, लॅबमध्ये स्वॅब द्यायचा आणि कुणा पाहुण्याकडे थांबून रिपोर्ट घेऊनच विमानतळावर जायचं. एक मुक्काम वाढतो, पण रस्ता घड्याळातून निघून जातो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घरापासून लांब अडकाल, हा यातला धोका. म्हणून चार-पाच दिवस आधी गावातच एक चाचणी करून घेतलेली बरी.

नियमात 'तास' आहेत की 'दिवस' हेही बघा. अमेरिकेचा एक दिवसाचा नियम तारखेवर चालायचा: शनिवारी पहाटेच्या विमानाला शुक्रवारी कितीही वाजता केलेली चाचणी चालायची. आणि सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असून मधला थांबा २४ तासांपेक्षा जास्त नसेल तर पहिल्या विमानापासून मोजायचे. काही देश मात्र तिथे पोचण्याच्या वेळेपासून मागे मोजतात. तेव्हा विमानाचे नऊ तास आणि मधल्या थांब्याचे पाच तासही तुमच्याच ४८ तासांतून जातात. मोजताना सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढा. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची छापलेली असते.

उड्डाण लांबू शकतं, पावसाळ्यात तर हमखास. मुदत संपायला तासाभराचीच फट असेल तर लांबलेल्या विमानात तुमचा रिपोर्ट शिळा होतो. निदान सहा-आठ तास शिल्लक राहतील असा स्वॅब द्या.

नाव

सुनीता राजाराम पाटील हे नाव घ्या. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लसीची नोंद आधारवरून, तिकीट पासपोर्टवरून आणि लॅबमध्ये मोबाइल नंबरवरून निघालेलं जुनंच नाव. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हा घोळ इतका सर्रास आहे की पुरुषांनीही आपल्या घरातल्या बाईचे कागद एकत्र टेबलावर ठेवून एकदा बघावेत.

लॅबमध्ये नोंदणीला आधार पुढे करू नका, पासपोर्ट द्या. काउंटरवरचा मुलगा सवयीने मोबाइल नंबर टाकतो, मागच्या वर्षीच्या रक्ततपासणीची नोंद उघडते आणि तेच नाव, तेच वय छापून येतं. 'नवीन नोंद करा, पासपोर्टवर आहे तसं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाका' असं स्पष्ट सांगा, आणि स्वॅब देण्याआधी त्याच्या स्क्रीनवर स्वतः वाचा. 'सुनीता'त आय आहे की डबल ई, 'शिंदे'च्या शेवटी ई आहे की नाही, हे एकेक अक्षर बोट ठेवून बघायचं. रिपोर्ट आल्यावर दुरुस्ती मागितली तर नवीन पीडीएफ मिळते, पण रात्री नऊनंतर लॅबमध्ये दुरुस्ती करणारं माणूस नसतं.

तिकिटावर मात्र 'सुनीताराजाराम' असं सलग छापलेलं दिसलं तर घाबरू नका. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत पहिल्या दोन नावांमधली जागा गळते. ती चूक धरत नाहीत. आडनाव वेगळं असणं मात्र धरतात. तिथे विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला सोबत असावा, तोही मूळ.

लसीच्या प्रमाणपत्राचं दुखणं वेगळं. गावच्या शिबिरात लस घेतलेल्या अनेकांची नोंद शेजाऱ्याच्या किंवा आशाताईंच्या मोबाइलवर झाली होती, आणि प्रमाणपत्र उतरवायला ओटीपी त्याच नंबरवर जायचा. कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडायची आणि नाव दुरुस्त करायची सोय होती, पण दुरुस्ती एकदाच. म्हणून आधी पासपोर्ट बघून अचूक शब्द लिहून घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं. ब्रिटनने २०२१ मध्ये पूर्ण जन्मतारीख मागितली, तर आपल्या प्रमाणपत्रावर नुसतं जन्मवर्ष होतं. पूर्ण तारखेची सोय नंतर आली. पुढच्या वेळी लस घेतानाच पासपोर्ट दाखवून नोंद करा, आणि प्रमाणपत्राची पीडीएफ त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीत हवा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, चाचणीची पद्धत, नमुना कुठून घेतला, स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ, रिपोर्टची तारीख आणि वेळ, लॅबचं नाव-पत्ता-मान्यता क्रमांक, सही आणि क्यूआर कोड. यात वेळेकडे जरा थांबून बघा. रिपोर्टवर तीन वेळा असू शकतात: नोंदणीची, नमुना घेतल्याची आणि नमुना लॅबला पोचल्याची. कलेक्शन सेंटरवर दिलेल्या स्वॅबच्या रिपोर्टवर कधीकधी फक्त पोचल्याची वेळ छापतात. ती उशिराची असल्यामुळे सोयीची वाटते, पण 'कलेक्शन'ची वेळ नाही म्हणून काउंटरवर तोच कागद नाकारला जाऊ शकतो.

क्यूआर कोड दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडून बघा. त्यातून लॅबच्या संकेतस्थळावरचा मूळ रिपोर्ट उघडला पाहिजे. दुबईने एप्रिल २०२१ पासून तसा नियमच केला होता. नुसतं नाव आणि निकाल दाखवणारा कोड तिथे चालत नव्हता. साध्या कागदावर तीन प्रती काढा. लॅमिनेशन करू नका, त्यावर दिवा चमकतो आणि कोड वाचला जात नाही.

सरकारी रुग्णालयातला स्वॅब मोफत असतो आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी चाचणी उत्तमच होते. पण ती यंत्रणा रुग्ण शोधण्यासाठी असते. पासपोर्ट क्रमांक, ठरलेली वेळ, क्यूआर कोड या गोष्टींची अपेक्षा तिथे धरू नका, आणि साथीत तिथली रांग खरोखर आजारी असलेल्यांसाठी सोडा. कोविडकाळात खासगी लॅबचे दर सरकार ठरवायचं. सुरुवातीला ४,५०० रुपयांना होणारी चाचणी डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात लॅबमध्ये जाऊन दिली तर ३५० रुपयांवर आली होती. 'प्रवासाचा रिपोर्ट' म्हणून जास्त मागत असतील तर कशाचे, ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

नुकताच आजार होऊन गेला असेल तर

आरटी-पीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. माणूस ठणठणीत बरा असतो, कामाला जात असतो, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. कोविडमध्ये हे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत चालायचं. अशा वेळी लॅब बदलत फिरण्यात अर्थ नाही. एका ठिकाणी निगेटिव्ह आला तरी आधीचा पॉझिटिव्ह सरकारी नोंदीत असतो, आणि बनावट रिपोर्ट करून देणाऱ्यांच्या नादी लागलात तर तो फौजदारी गुन्हा आहे. त्या देशाने बरे झाल्याचा पुरावा स्वीकारला आहे का, ते बघा. अमेरिका ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र असं एकत्र मान्य करायची. पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, पासपोर्टवरच्या नावाने आणि 'प्रवासास हरकत नाही' या अर्थाच्या वाक्यासह हवं. म्हणून जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट फेकू नका.

आणि जायच्या आधीचे दहा दिवस निरोपाची जेवणं, हळदी, जागरण-गोंधळ टाळा. नरसोबाच्या वाडीचं दर्शन आधीच उरकून घ्या.

आफ्रिकेला जाणाऱ्यांसाठी थोडं

पिवळ्या तापाचं कार्ड हा साथीशिवायही चालू असलेला नियम. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, कार्ड लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. जाताना नाही विचारलं तरी पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून परत येताना भारत विचारतो. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

काउंटरवर आणि परत आल्यावर

चार तास आधी पोचा. काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, तेव्हा अडवणूक झाली तर भांडायला नव्हे, दुरुस्तीला वेळ हवा. कागद नाकारला तर कुठला मुद्दा अपुरा आहे ते नेमकं विचारा आणि स्क्रीनवरची ओळ वाचून दाखवायला सांगा; ड्युटीवरच्या मॅनेजरला बोलवा. मूळ नियमाची छापील प्रत सोबत असेल तर बोलणं सोपं होतं. तरीही जमलं नाही, तर काउंटर बंद होण्याआधी तिकिटाची तारीख बदलून घ्या. एकदा 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा, पडला की बऱ्याच तिकिटांचे पैसे बुडतात. सामान दिलेलं असेल तर त्याची पावती हातात घेऊन परत मागा.

परतीच्या तिकिटालाही हेच सगळं उलट्या दिशेने लागतं, आणि तिथे ओळखीची लॅब नसते. जायच्या आधीच तिकडच्या चाचणीचं ठिकाण आणि दर शोधून ठेवा. भारतात उतरल्यावरचे नियम केंद्राचे, त्यावर राज्याचे, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे असे तीन थरांचे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये जोखमीच्या देशांतून आलेल्यांना विमानतळावर चाचणी, सात दिवस घरीच विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, असा नियम होता. आठवा दिवस मोजताना उतरल्याचा दिवस धरायचा की नाही, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्या. गावी पोचायच्या आधीच ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना फोन केला की त्या दिवसाचा स्वॅब कुठे द्यायचा, हेही त्याच फोनवर ठरून जातं.